जुळवणीची तार कोणाच्या हाती?

एखादी सोय हाताशी असते तोवर तिचे मोल कोणी करीत नाही. ती नाहीशी झाली म्हणजे कळते की, जिच्याकडे आपण केवळ सोय म्हणून पाहत होतो, तिच्या आधाराने आपले थोडेसे स्वातंत्र्यही उभे होते. २२ ऑक्टोबर २०१३ रोजी ॲपल कंपनीचे संगणक वापरणाऱ्या अनेकांना असा अनुभव आला. त्या दिवशी कंपनीने आपल्या मॅक संगणकांसाठी ‘मॅव्हरिक्स’ ही नवी कार्यप्रणाली प्रसिद्ध केली. ती विनामूल्य होती आणि जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर जाण्यास फारसे कष्टही नव्हते. लोकांनी ती आनंदाने उतरवून घेतली. नंतर नेहमीप्रमाणे तार लावून त्यांनी आपला आयफोन संगणकाला जोडला, तेव्हा गाणी आली, छायाचित्रे आली. परंतु नावे, दूरध्वनी क्रमांक आणि भेटीगाठींची टिपणे यांची देवघेव मात्र होईना. यंत्रात बिघाड झाला असावा असे प्रथम अनेकांना वाटले. शोध घेता असे दिसून आले की, बिघाड काहीच नव्हता. ती सोयच काढून टाकण्यात आली होती.

मेजावरचा संगणक आणि खिशातला फोन ही दोन्ही एकाच मालकाची, एकाच खोलीतली उपकरणे. संगणकावर नवा पत्ता लिहिला की तारेतून तो फोनवर जाई. फोनवर एखादी भेट नोंदवली की ती संगणकावर येई. इंग्रजीत या क्रियेला ‘सिंक’ म्हणतात; मराठीत तिला जुळवणी म्हणता येईल. नव्या व्यवस्थेत हातभर अंतरावरच्या या दोन उपकरणांना एकमेकांशी बोलायचे तर ‘आयक्लाउड’ या कंपनीच्या दूरस्थ साठवण-यंत्रणेतून, अथवा गूगलसारख्या दुसऱ्या एखाद्या केंद्रातून, जाणे भाग पडले. शेजारच्या खोलीतल्या माणसाला निरोप द्यायचा, तर तो सातासमुद्रापार जाऊन परत यावा, असाच हा प्रकार होता.

मूठभर परदेशी संगणकधारकांची ही कुरकुर, तिच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. ते नाशिकजवळच्या एकलहरे गावी, गोदावरीच्या परिसरात उभ्या असलेल्या औष्णिक वीजकेंद्राच्या कारभारात सापडते.

एकलहऱ्याचा दाखला

एकलहऱ्याच्या केंद्रातील पहिले दोन संच १९७० आणि १९७१ साली उभे राहिले. पुढे १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅटच्या आणखी तीन संचांची त्यात भर पडली. अशा केंद्रात ‘सिंक्रोनाइझ’ हा शब्द संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेला आहे. तेथे तो यंत्रांच्या जिवाशी निगडित आहे. नवा सुरू झालेला संच राज्याच्या वीजजाळ्याशी जोडण्यापूर्वी त्याचा विद्युतदाब, त्याची सेकंदाला ५० आवर्तने आणि त्या आवर्तनांचा ताल ही सर्व जाळ्याशी तंतोतंत जुळावी लागतात. त्यासाठी झोतयंत्राचा दांडा मिनिटाला ३,००० फेरे घेत असतो. दर्शकाचा काटा बाराच्या आकड्यापाशी येतो, त्या क्षणी स्विच लावला जातो आणि एकलहऱ्याचा संच देशभरातील शेकडो संचांच्या तालात फिरू लागतो. हा क्षण चुकला तर त्या प्रचंड दांड्याला असा हिसका बसतो की, कोट्यवधींच्या यंत्राची हानी व्हावी.

मॅव्हरिक्स प्रणाली आली त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले. ‘एक देश, एक आवर्तन’ ही गोष्ट प्रत्यक्षात आली आणि तिचा एक खांब महाराष्ट्राच्या भूमीत होता. या मोठ्या जोडणीचे लाभ कोणीही नाकारणार नाही. एका प्रांतातील तूट दुसऱ्या प्रांतातील शिल्लक विजेने भरून निघते. एक संच बंद पडला तरी दिवा विझत नाही.

परंतु वीज अभियंत्यांनी मोठ्या जाळ्यावरचा आपला विश्वास कधी आंधळा होऊ दिला नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताचे आणि दुसऱ्या दिवशी त्याबरोबरच पूर्व व ईशान्य भारताचे जाळे कोसळले, तेव्हा सुमारे ६० कोटी लोकांना त्याची झळ बसली. अशा वेळी एखादे शहर अथवा केंद्र मोठ्या जाळ्यापासून तत्काळ अलग होऊन स्वतःच्या बळावर तगून राहावे, यासाठी जी तजवीज करतात तिला या क्षेत्रात ‘आयलँडिंग’, म्हणजे बेट करणे, असे म्हणतात. मुंबईसाठी अशी योजना फार पूर्वीपासून आखलेली होती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी ती टिकली नाही, आणि लोकलगाड्या रुळांवर जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यानंतर झालेल्या चर्चेत मुंबईचे बेट का तगले नाही, हाच प्रश्न अग्रभागी होता. मोठे जाळे आहे, मग बेटाची गरजच काय, असे त्या दिवशी कोणी म्हटले नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. औष्णिक वीजकेंद्र एकदा पूर्ण थंडावले की, ते आपल्या बळावर पुन्हा उठत नाही. कोळसा दळणाऱ्या गिरण्या, हवा पुरवणारे पंखे, पाणी चढवणारे पंप या साऱ्यांना आधी बाहेरून वीज द्यावी लागते. वीज निर्माण करणारे केंद्रच विजेवाचून असहाय होते. म्हणून स्वतंत्रपणे तगण्याची व्यवस्था अंधार पडण्यापूर्वी करावयाची असते. अंधार पडल्यावर ती करता येत नाही. माहितीच्या क्षेत्रातील मोठ्या जोडणीच्या बाबतीत आपण ही साधी शहाणीव विसरत चाललो आहोत.

तिसरी यादी

जुळवणी ही क्रिया वरून दिसते तेवढी सोपी नाही. समजा, एका शिक्षकाच्या संगणकात १०० नावे आहेत आणि फोनमध्ये ९९. शंभरावे नाव संगणकावर नव्याने लिहिले गेले, की ते फोनवरून मुद्दाम पुसले गेले? केवळ दोन याद्या समोर ठेवून याचे उत्तर मिळणार नाही. त्यासाठी मागच्या जुळवणीच्या वेळची तिसरी यादी जपून ठेवावी लागते. त्या यादीत हे नाव असेल, तर ते फोनवरून पुसले गेले आहे. नसेल, तर ते संगणकावर नव्याने आले आहे. कचेरीतील लिपिकाला ही गोष्ट चटकन उमजेल. रोकडवही आणि बँकेचे पुस्तक यांचा ताळमेळ घालताना मागच्या महिन्याचे ताळमेळ पत्रक हाताशी नसेल, तर कोणती रक्कम केव्हाची हे ठरवता ठरवता दिवस मावळतो.

ॲपलच्या संगणकांवर ही तिसरी यादी सांभाळण्याचे काम ‘सिंक सर्व्हिसेस’ नावाचा भाग करीत असे. २००५ सालच्या ‘टायगर’ प्रणालीत तो सर्व कार्यक्रमकारांना खुला करण्यात आला. त्या यादीच्या साठ्याला अभियंत्यांनी ‘ट्रूथ’, म्हणजे सत्य, असे नाव दिले होते. दोन उपकरणांत मतभेद झाला तर निवाडा त्या सत्याच्या आधारे व्हायचा, आणि ते सत्य वापरणाऱ्याच्याच संगणकात राहत असे. २०११ च्या ‘लायन’ प्रणालीत हा भाग कालबाह्य ठरवण्यात आला. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला आयक्लाउड सुरू झाले. दोन वर्षांनी मॅव्हरिक्समध्ये जुना भाग अस्तंगत झाला. बदल वरकरणी तांत्रिक दिसला, तरी त्याचा आशय तेवढाच नव्हता. निवाड्याची वही मालकाच्या घरातून उचलून कंपनीच्या कोठारात नेण्यात आली होती.

कंपनीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. जुन्या जुळवणीत दोष होते. एकच नाव दोनदा, तीनदा उमटण्याच्या तक्रारी नित्याच्या होत्या. एका माणसाजवळ एक संगणक आणि एक फोन असे, तोवर तार पुरेशी होती. पुढे फोन, पाटी-संगणक, घरचा आणि कचेरीतला संगणक अशी चार उपकरणे झाली, तेव्हा प्रत्येकाला प्रत्येकाशी तारेने जोडणे त्रासाचे ठरले. दोन मार्ग सांभाळण्यापेक्षा एकच सांभाळणे कंपनीला सोपे आणि स्वस्त पडते. शिवाय दूरच्या साठ्याचे काही फायदे निर्विवाद आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला महापूर येऊन नाशिकच्या काठावरील दुकाने-घरे पाण्याखाली गेली. अशा आपत्तीत घरातला संगणक आणि शेजारचा फोन दोन्ही बुडाले, तर दूर ठेवलेली प्रतच कामी येणार. तेव्हा दूरचा साठा त्याज्य आहे, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. त्याच्यासाठी घरातली वाट बुजवण्याचे कारण होते काय, एवढाच प्रश्न आहे.

परक्यांचा ठेवा

जी माहिती तारेवरून नाहीशी झाली ती कोणती होती, हेही पाहिले पाहिजे. गाणे बाजारात पुन्हा मिळते. नावांची यादी मात्र एका अर्थाने आपली नसतेच. ती इतरांनी आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली ठेव असते. वकिलाच्या यादीत अशिलांची नावे असतात, डॉक्टरांच्या यादीत रुग्णांची, मुख्याध्यापकांच्या यादीत पालकांची. कोण कोणाला केव्हा भेटला, हे दिनदर्शिका सांगते. या माणसांपैकी कोणीही आपला क्रमांक तिसऱ्याच्या कोठारात ठेवण्यास संमती दिलेली नसते.

हा संशय त्या वर्षी निराधार नव्हता. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांतून अमेरिकी हेरखात्याच्या ‘प्रिझम’ या कार्यक्रमाची माहिती जगापुढे आली. त्यात ज्या कंपन्यांची नावे होती, त्यांत ॲपलही होती. आपल्या यंत्रणेत सरकारला थेट प्रवेश नाही, असा खुलासा कंपन्यांनी केला; परंतु लोकांच्या मनातली शंका फिटली नाही. त्यानंतर चारच महिन्यांनी तारेवरची जुळवणी नाहीशी झाली. पुढे डिसेंबर २०२२ पासून ॲपलने दूरच्या साठ्यातील बहुतेक माहितीला असे कुलूप लावण्याची सोय दिली की, त्याची किल्ली कंपनीपाशीही नसावी. मात्र या वाढीव संरक्षणातून तीन गोष्टी वगळण्यात आल्या: टपाल, संपर्कांची यादी आणि दिनदर्शिका. इतर यंत्रणांशी मेळ राखण्यासाठी तसे करावे लागते, असे कारण दिले गेले, आणि ते खरेही असेल. परंतु त्यामुळे तारेचे महत्त्व उलट वाढते. ज्या माहितीला दूरच्या कोठारात पक्के कुलूप लागत नाही, नेमकी तीच माहिती घरातल्या घरात हलवण्याची मोकळीक असायला हवी.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. २०१३ साली मोबाइलवरील इंटरनेट आजच्यासारखे स्वस्त नव्हते; सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आल्यावर दर कोसळले. आज पैशाची अडचण उरली नाही, तरी जोडणी राहीलच याची शाश्वती नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये नाशिक जिल्ह्यात तणाव निर्माण झाला, तेव्हा प्रशासनाने मोबाइल इंटरनेट काही काळ बंद ठेवले होते. ऑगस्ट २०१९ पासून काश्मीरमध्ये ते कित्येक महिने बंद होते. इंटरनेट अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येणार नाही आणि तसे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणी स्पष्ट केले. आदेश योग्य की अयोग्य, याची चर्चा येथे करावयाची नाही. मात्र अशा दिवशी ज्याची दोन उपकरणे केवळ दूरच्या केंद्रातूनच एकमेकांना ओळखतात, त्याची जुळवणी जागच्या जागी थांबते, आणि ज्याच्यापाशी तार आहे, त्याचे काम चालू राहते.

गेलेले परत आले

मॅव्हरिक्सच्या कथेचा शेवट मात्र आशादायक आहे. वापरणाऱ्यांनी तक्रारी केल्या, चिकाटीने केल्या. काहींनी जुन्या प्रणालीकडे परत जाणे पसंत केले. काहींनी घरातच छोटा सर्व्हर मांडून आपल्या नावांची यादी स्वतः सांभाळली. अखेर सुमारे सात महिन्यांनी, १५ मे २०१४ रोजी, ॲपलने मॅव्हरिक्सची १०.९.३ ही सुधारित आवृत्ती आणि तिच्याबरोबर आयट्यून्सची ११.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तारेने संपर्क आणि दिनदर्शिका जुळवण्याची सोय त्यांत परत देण्यात आली होती. २०१९ मध्ये मॅक संगणकांवरून आयट्यून्स हा कार्यक्रमच निवृत्त झाला. तरीही तारेची जुळवणी ‘फाइंडर’मध्ये जागा मिळवून टिकली.

या पुनरागमनातून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली ही की, सोय काढून टाकणे ही तांत्रिक अपरिहार्यता नव्हती. जे अशक्य होते ते सात महिन्यांत शक्य झाले नसते. तो एक निर्णय होता, आणि निर्णय बदलता येतो. दुसरी गोष्ट अशी की, नव्या प्रणालीबरोबर काय येते हे कंपन्या ढोल वाजवून सांगतात. काय जाते ते वापरणाऱ्यालाच शोधावे लागते. औषधाच्या वेष्टनावर त्याचे दुष्परिणाम छापण्याचा दंडक आहे. संगणक प्रणालीच्या वेष्टनावर ‘या आवृत्तीत पुढील सोयी राहणार नाहीत’ अशी स्पष्ट यादी, आणि तीही उतरवून घेण्यापूर्वी, दिसेल असा दंडक का नसावा?

युरोपीय संघाच्या २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यात, आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याजोग्या स्वरूपात परत मिळवण्याचा नागरिकाचा अधिकार मान्य केला आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात असा अधिकार होता. पुढे ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात माहिती पाहण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा व पुसवून घेण्याचा अधिकार आहे. माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा अधिकार मात्र गळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियमही अधिसूचित झाले. ही उणीव संसदेपुढे पुन्हा आणण्याचे काम सुजाण नागरिकांना करावे लागेल.

आजचा प्रसंग

हा सारा विचार आज करण्यास निमित्तही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार संपला. महाराष्ट्रातील शाळा, पतसंस्था आणि कचेऱ्या यांतील मेजांवर हीच प्रणाली वर्षानुवर्षे चालत आली आहे. आता विंडोज ११ कडे जाताना घरगुती आवृत्तीची मांडणी करण्यासाठी इंटरनेट आणि कंपनीकडील खाते मागितले जाते, आणि मेजावरील व कागदपत्रांची दालने कंपनीच्या दूरच्या साठ्याकडे वळवण्याचे पर्यायही पुढे येतात. अनेकांना ते सोयीचे वाटतील. परंतु ‘पुढे’ ही कळ दाबण्यापूर्वी आपली कागदपत्रे कोठे राहणार आहेत, हे वाचण्याचे कष्ट घेतलेच पाहिजेत.

प्रणाली बदलण्यापूर्वी प्रत्येकाने करावयाच्या गोष्टी फार नाहीत. नावांची यादी ‘व्हीसीएफ’ आणि दिनदर्शिका ‘आयसीएस’ या सर्वमान्य स्वरूपांत काढून स्वतःच्या पेनड्राइव्हवर ठेवावी. ही स्वरूपे कोणा एका कंपनीच्या मालकीची नाहीत आणि जवळपास सर्व यंत्रे ती वाचतात. जुनी प्रणाली मोडण्यापूर्वी तिची पूर्ण प्रत घ्यावी, म्हणजे परतीची वाट उरते. कचेरीत दहा संगणक असतील, तर एकावर आधी बदल करून महिनाभर पाहावे. घरातल्या घरात उपकरणे जुळवणारी मुक्त साधनेही आहेत. ‘सिंकथिंग’ हे त्यांतले एक २०१३ सालीच जन्माला आले, आणि ते एकाच जाळ्यातील उपकरणांमध्ये कोणत्याही कंपनीच्या कोठाराशिवाय दस्तऐवज जुळवते. शाळांतून संगणक शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना कळा दाबण्याबरोबरच ही तजवीजही शिकवावी. आपली वही आपल्या हाताशी ठेवणे हा साक्षरतेचाच भाग आहे.

एकलहऱ्याचा संच देशाच्या जाळ्याशी जोडला जातो तो आपला ताल जुळवून, आणि ही जोडणी एका स्विचने होते. तोच स्विच वेळप्रसंगी उघडताही येतो. तो लावणारा आणि उघडणारा माणूस केंद्राच्या नियंत्रण कक्षात बसलेला असतो. सामान्य माणसाच्या मेजावरचे छोटे केंद्र मोठ्या जाळ्यात खुशाल सामील व्हावे. तथापि त्याचा स्विच त्याच्याच खोलीत असला पाहिजे, एवढी मागणी अवास्तव नाही.